अर्धं जातं

"इथं नको," आत्या म्हणाल्या. "ही त्यांची वाट हाय."

ओढ्याकाठच्या ओल्या मातीत खुरांचे ठसे उमटले होते. एकेक ठसा ताटलीएवढा, आणि त्यात साचलेलं पाणी अजून गढूळ होतं. गवे सकाळीच पाणी पिऊन गेले असावेत. मी जुईला कडेवर घेतलं. ती चालायला कुरकुरत नव्हती, तरी घेतलं.

इंद्रजित वाकून ठसा निरखत होता. पाहुण्यांना हेच तर बघायचं असतं, असं तो म्हणाला. त्याचा मित्र अभिनंदन म्हणाला, बघायचं असतं हे खरं, पण लांबून. उशाशी आलेलं कुणालाच नको असतं. दोघं हसले. आत्या तोवर पुढं चालायला लागल्या होत्या.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्यांचं आंबेघोळ हे गाव राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गेलं तेव्हा सगळी घरं उठवून खाली कऱ्हाडजवळच्या वसाहतीत आणली गेली. इंद्रजित वसाहतीतच जन्मला. गाव गेलं तरी डोंगराच्या वरच्या अंगाचं आमचं रान हद्दीच्या जेमतेम बाहेर राहिलं होतं. तिथं पुन्हा कुणी नांगर घातला नाही, आणि नाचणीच्या जागी जंगल आलं. त्या रानात तंबू ठोकून शहरातल्या लोकांना राहायला बोलवायचं, असं इंद्रजित आणि अभिनंदननं ठरवलं होतं. तंबू अभिनंदन आणणार होता, रान आमचं होतं आणि स्वयंपाकघर मी सांभाळायचं होतं. आज फक्त जागा नक्की करायची होती. ती झाली की इंद्रजित नोकरीचा राजीनामा देणार होता आणि थंडी संपेपर्यंत मी जुईला घेऊन इथं राहायला येणार होते.

जागा मिळू नये, असं मला मनापासून वाटत होतं. जुई नुकती बालवाडीत जायला लागली होती. बिबट्याची बातमी आली की मी ती वाचल्याशिवाय सोडत नसे, आणि वाचली की मला झोप येत नसे. निघायच्या आधी इंद्रजितनं माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं, की आज तरी मी भीतीचा पाढा वाचणार नाही. मी हो म्हणाले होते. आत्या स्वतःहून यायला निघाल्या तेव्हा मला आधार वाटला, कारण त्यांनी नको म्हटलेल्या जागेवर तो तंबू ठोकणार नाही, हे मला माहीत होतं. गाव सुटल्यापासून त्या एकदाही इकडं फिरकल्या नव्हत्या. या खेपेला मात्र कुणी विचारायच्या आधीच नवं लुगडं नेसून जीपमध्ये बसल्या होत्या.

येताना घाटात इंद्रजितनं अभिनंदनला जात्याची गोष्ट सांगितली. ती तो प्रत्येकाला सांगतो. गाव उठलं तेव्हा आईनं सगळं आणलं, चुलीतली राखसुद्धा आणली म्हणायला हरकत नाही. ट्रकमधून सामान उतरवून मांडायला घेतलं, तर जात्याचा खालचा दगड तेवढा आलेला, वरचा तिकडंच. आजी वर्षभर वसाहतभर सांगत फिरत होती, की सुनेनं अर्धं जातं आणलं, आता अर्ध्याच भाकरी खा. त्या खालच्या दगडावर आमचे शाळेचे कपडे आपटले गेले. हे सगळं तो आजीच्या आवाजात, हातवारे करून सांगायचा. अभिनंदन खो खो हसला. आत्यांनीही पदर तोंडाला लावला. मला बघायला आले होते त्या दिवशीसुद्धा त्यानं हीच गोष्ट सांगितली होती आणि आमच्या घरातले सगळे हसले होते. माझे सासरे तेव्हा हयात होते. ते मधेच पाणी मागायला आत गेले होते, हे मला उगाच आठवलं.

ओढा सोडून आम्ही चढाला लागलो. आभाळ भरून आलेलं, पण पावसाचं नव्हे. नुसतं खाली उतरून झाडांच्या शेंड्यांवर बसलेलं. कुठं पाखराचा आवाज नाही. कारवीच्या झुडपांतून वाट काढताना पानं अंगाला घासत होती आणि प्रत्येक वेळी मी जुईच्या मानेवर काही चढलं का ते बघत होते. वाटेत एका ऐनाच्या झाडाखाली सपाटी होती. आत्यांनी नुसतं वर बोट दाखवलं. वाळलेली मोठी फांदी सालीच्या आधारानं लोंबत होती. ती जागाही गेली. त्यानंतर इंद्रजित वर जायला वळला तेव्हा आत्या म्हणाल्या, वर काही नाही, नुसता कातळ आहे. तो थांबला नाही. बापूंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, वर एक झरा असल्याचं सांगितलं होतं, असं म्हणत तो चढत राहिला.

वर कातळ नव्हता.

कारवी एकदम संपली आणि आम्ही एका मोकळ्या पठारावर आलो. गुडघ्याएवढं गवत, त्यात सोनकीची पिवळी फुलं, एका बाजूला झरा, दुसऱ्या बाजूला दरी आणि खाली धरणाचं राखाडी पाणी. वाळकं झाड नाही, जनावराची वाट नाही. जमीन दरीकडं अगदी हलकी उतरती, म्हणजे पाणी साचणार नाही. अभिनंदननं पाठीवरची पिशवी तिथंच टाकली आणि इंद्रजितच्या पाठीत थाप मारली. मीसुद्धा मनात कबूल केलं, की एवढ्या डोंगरात कुठं राहायचंच असेल तर ते इथं. त्या कबुलीनं मला जास्तच खिन्न वाटलं. आता इंद्रजितचा राजीनामा जाणारच, असं मी समजले.

ते दोघं कुठं तंबू, कुठं स्वयंपाकघर असं बोलत झऱ्याकडं गेले. आत्या पठाराच्या तोंडाशीच थांबल्या होत्या. त्यांनी चपला काढून ठेवलेल्या मी पाहिल्या आणि पायात काटा गेला असेल असं समजले. मग जुई दिसेना म्हणून मी तिला शोधू लागले.

ती गवतात बसली होती, दहा-बारा पावलांवरच. सोनकीची फुलं खुडून ती जमिनीत कशात तरी टाकत होती. मी धावत गेले. साप, विंचू, बीळ, सगळं एका क्षणात मनात येऊन गेलं. बीळ नव्हतं. काळा गोल दगड होता, मातीत बराच रुतलेला. मधोमध भोक, कडेला दुसरं लहान भोक. भोवतीनं हाताच्या मुठीएवढे दगड, तेही रुतलेले, कुणीतरी गोल लावल्यासारखे.

"आजी, हा फुलं खातोय," जुई माझ्या पाठीमागं बघत म्हणाली.

आत्या कधी आल्या ते मला कळलं नव्हतं. त्या अनवाणी उभ्या होत्या.

"घाल," त्या म्हणाल्या. "सगळी एकदम नको. घास घालत्यात तसं घाल. हळू."

जात्यात मुठीमुठीनं दाणे घालतात त्यालाही घासच म्हणतात, त्यामुळं मला तो दगड कसला ते कळलं. मधलं भोक दाणे घालायचं तोंड आणि कडेचं भोक खुंट्याचं. वसाहतीतल्या घरी नळाखाली जो दगड आहे, त्याच्याच मापाचा, तसाच काळा.

"आत्या, हा आपल्या जात्याचा?"

त्यांनी आधी झऱ्याकडं पाहिलं. ते दोघं दोरी धरून काहीतरी मापत होते. मग त्या खाली बसल्या आणि मलाही बसायला खुणावलं.

"इंद्राच्या आधी मला एक पोरगी झाली हुती," त्या म्हणाल्या.

हे आमच्या घरात कुणी कधी बोललं नव्हतं. इंद्रजित थोरला, असंच मी धरून चालले होते, आणि तोही.

त्यांनी ते सलग सांगितलं नाही. एक वाक्य बोलायच्या, जुईच्या हाताकडं बघायच्या, पुन्हा बोलायच्या. गाव उठायच्या गडबडीचे दिवस होते. घरांचे वासे उतरवत होते, लोक भांडी मोजत होते. मुलीला ताप आला. अजून बसायलाही लागली नव्हती. खाली दवाखान्यात न्यायला वाहन नव्हतं, ट्रक येणार होते ते सामानाचे आणि तेही नंतर. ती गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, मातीत ठेवतात. माझ्या सासऱ्यांनी आणि त्यांच्या भावानं आपल्याच रानात, नाचणीच्या तुकड्याच्या कडेला ठेवलं, वर दगड आणि काटे रचले. बायांनी तिथं जायचं नसतं. आत्या दुसऱ्या दिवशी पहाटे गेल्या.

"काटं वडून टाकलं हुतं," त्या म्हणाल्या. "दगुड सरकलं हुतं. कोल्हं लागलं हुतं माग. आत न्हवतं गेलं, पर लागलं हुतं. आन् आमचं ट्रक आलं हुतं दारात. कोन बघनार माघारी?"

त्या घरी गेल्या. घरातलं सगळ्यात जड काय, तर जातं. त्याचा वरचा दगड दोन बायांनी मिळून उचलायचा असतो. त्यांनी तो एकटीनं डोक्यावर घेतला आणि चढ चढून इथं आणून ठेवला. घरात कुणाला सांगितलं नाही. सामान भरणाऱ्यांनी खालचा दगड तेवढा ट्रकमध्ये टाकला, घाईत कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

"मामंजींना माहीत होतं?"

"मी न्हाई सांगितलं. पर त्यास्नी ठावं असंल. त्या गोष्टीला ते कवाच हसलं न्हाईत."

जुईची फुलं संपली होती. तिनं गवत उपटायला सुरुवात केली. आत्यांनी तिच्या हाताला हात लावून थांबवलं आणि स्वतः उठून पलीकडची फुलं आणून तिच्या ओंजळीत दिली.

मी विचारलं, तिचं नाव ठेवलं होतं का. ठेवलं होतं, असं त्या म्हणाल्या, आणि नाव सांगितलं नाही.

मग मी म्हणाले, आत्ताच्या आत्ता सांगून टाकू या. इंद्रजित इथं पाऊलसुद्धा ठेवणार नाही. आईसाठी तो एवढं नक्कीच करेल.

"त्येला नको," आत्या म्हणाल्या. "वाईट न्हाई माझं पोरगं. रडंल बी ते. पर त्येच्या पोटात काई ऱ्हात न्हाई. आज रडंल, उद्या ह्या दगडाला शेंदूर लावंल, परवा पाव्हण्यास्नी घिऊन यील. शेकोटीम्होरं बसून सांगंल. जात्याचं सांगतोय तसं." त्यांनी पदरानं दगडावरची माती पुसली. "तिचं कुनी काई सांगू ने."

घाटात आजीचा आवाज काढून तो कसा हसवत होता, ते मी ऐकलंच होतं.

ते दोघं परत आले तेव्हा आत्या दगडाला पाठ करून पदर पसरून बसल्या होत्या आणि जुई त्यांच्या मांडीवर होती. इंद्रजितचा चेहरा इतका उजळलेला मी आमच्या लग्नानंतर पाहिला नव्हता. त्यानं सगळं सांगून टाकलं. पुढच्या आठवड्यात गवत पेटवून द्यायचं, म्हणजे जागा मोकळी होईल. दगडधोंडे काढून सपाटी करायची. दरीकडच्या अंगाला तंबू आणि बरोबर इथं, आई बसली आहे त्या ठिकाणी, शेकोटीचा खड्डा.

"हितं वारं लई लागतं," आत्या म्हणाल्या.

वाऱ्यासाठीच लोक येतात, असं तो हसत म्हणाला. आत्या म्हणाल्या, पाणी लांब आहे. झऱ्याचा आवाज तिथंवर येत होता. मग त्या म्हणाल्या, ही जागा चांगली नाही. का चांगली नाही, ते त्यांना सांगता येईना. ओढ्याकाठी आणि ऐनाखाली एका वाक्यात जागा मोडीत काढणारी बाई आता अडखळत होती. अभिनंदन म्हणाला, सोयरीक मोडायची असली की लोक अशी कारणं काढतात. इंद्रजितनं खाली बसून आईच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि समजावलं, की तुला गाव आठवतंय म्हणून असं होतंय, राहायला आलीस की बरं वाटेल. तो प्रेमानंच बोलत होता. आत्यांनी मान खाली घातली. त्यांचा एक हात मागं, दगडावर होता.

"अहो," मी म्हणाले, "मला इथं भीती वाटते."

त्याचा हात आईच्या गुडघ्यावरून निघाला. आज हे बोलायचं नाही असं ठरलं होतं, याची त्यानं हळू आवाजात आठवण करून दिली. मी थांबले नाही. मला जे जे खरोखर वाटत असे ते सगळं मी त्या बिचाऱ्या पठारावर ओतलं. जागा उघडी आहे, भोवती कारवी आहे, जनावर कुठून येईल ते कळणार नाही, दरी जवळ आहे, जुई कधी कुठं जाईल सांगता येत नाही, आत्ताच मघाशी ती मला दिसेनाशी झाली होती. बोलता बोलता माझा आवाज चिरकला. तो खोटा नव्हता, त्यामुळं काम सोपं झालं.

"तुला भीती कुठं वाटत नाही तेवढं सांग," इंद्रजित म्हणाला. "जिन्यातसुद्धा तू तिचा हात सोडत नाहीस."

अभिनंदन दुसरीकडं बघत होता. मी जुईकडं पाहिलं. ती आत्यांच्या बांगड्या फिरवत होती.

"ओढ्याकाठी," मी म्हणाले. "तिथं ठरवलंत तर मी येईन. काही बोलणार नाही. इथं ठरवलंत तर मी आणि जुई कऱ्हाडलाच राहू."

तो माझ्याकडं बघत राहिला. गव्यांच्या वाटेवर चालेल आणि इथं चालणार नाही, असं त्यानं दोनदा विचारलं. मी म्हणाले, तिथं झाडीचा आडोसा आहे, पाणी हाताशी आहे. त्या ठशातलं गढूळ पाणी मला डोळ्यांसमोर दिसत होतं आणि त्याच्या शेजारी जुईची चटई.

मी आले नसते तर स्वयंपाकघर चाललं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. इंद्रजितनं हातातली दोरी गुंडाळली. रागावून ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. अभिनंदननं विचारलं, मघाशी जुईच्या आजी तर म्हणाल्या की ती जनावरांची वाट आहे.

"वाईच वरच्या अंगाला उंचवटा हाय," आत्या म्हणाल्या. "कुपान घातलं तर चालंल."

उतरताना त्या माझ्या मागं होत्या. ऐनापाशी आल्यावर त्यांनी जुईला माझ्याकडून घेतलं आणि पार खालपर्यंत स्वतः वागवलं.

ओढ्याकाठी आम्ही दोन हिवाळे काढले. पाहुणे आले, आणि ओलीची, डासांची तक्रार करून गेले. मी रोज झोपताना जुईच्या पायाला माझी ओढणी बांधत असे. एकदा कापडाच्या पलीकडं जनावराचा श्वास ऐकू आला, जाड, ओला, आणि मी तो जाईपर्यंत जुईच्या तोंडावर तळवा धरून बसले. आत्या तंबूच्या तोंडाशी आडव्या झोपत. सकाळी सरपण आणायला म्हणून त्या वर जात आणि चार काटक्या घेऊन परत येत. तिसऱ्या वर्षी ओढ्यानं काठासकट उंचवटा नेला. अभिनंदननं तंबू विकले. इंद्रजितला पुन्हा नोकरी धरावी लागली, आधीपेक्षा लहान हुद्द्याची, आणि ती त्यानं कुरकुर न करता केली. वरचं पठार आता कारवीनं भरून गेलं आहे, असं ऐकते.

आत्या गेल्या त्या वसाहतीतल्या घरी. शेवटच्या दिवसांत त्यांची वाचा गेली होती. मी भरवायला बसले की त्या माझ्या हाताकडं बघत आणि तोंड लहानच उघडत. मी हळू घालत असे, एकदम नाही.

जुई आता कॉलेजात आहे. घरी कुणी आलं की इंद्रजित रंगात येतो. आमची सोन्यासारखी जागा हिच्या भीतीपायी कशी गेली, ते तो सांगतो. ही बाई बिबट्याला घाबरून गव्यांच्या वाटेवर राहायला गेली, असं म्हणाला की हशा ठरलेला. दिवाळीत त्यानं माझा चिरकलेला आवाजसुद्धा काढून दाखवला. जुईनं माझ्याकडं वळून विचारलं, "आई, तू खरंच एवढी घाबरली होतीस?"

"घाबरले होते," मी म्हणाले, आणि सगळ्यांबरोबर हसले.

मग कुणीतरी नळाखालच्या काळ्या दगडाबद्दल विचारलं आणि इंद्रजितनं मांडी सावरून जात्याची गोष्ट सुरू केली. मी पाणी आणायला उठले.